नंद्या, गेरॉनबद्दल थोडं

पुणे, रविवार

प्रिय नंद्या,

परवा फोनवर कुर्ट गेरॉनचा विषय निघाला, नाझींच्या हुकमावरून त्यांच्याच छावणीत प्रचाराची फिल्म काढणाऱ्या ज्यू नट-दिग्दर्शकाचा, आणि तू फटकन म्हणालास, "त्यानं सरळ नकार द्यायचा होता." मी गप्प बसलो, कारण ते फोनवर आटपणारं नव्हतं. म्हणून लिहितोय.

पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'चं मूळ जर्मन नाटक ३१ ऑगस्ट १९२८ला बर्लिनमध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा सुरुवातीचं ते सुरीवाल्या मॅकचं गाणं कुर्ट गेरॉननं म्हटलं होतं. आणि आपला 'पिंजरा' ज्या 'ब्लू एंजल'वरून निघाला, त्यातला फडमालक जादूगारही हाच! मास्तरला विदूषक करून उभा करणारा. माणूस ओळखीचाच निघाला, नाव तेवढं माहीत नव्हतं.

जन्म १८९७चा, बर्लिनमधला ज्यू. डॉक्टरकी शिकायला निघालेला, पण पहिल्या महायुद्धात जबर जखमी झाला. पुढं अंग सुटलं आणि त्या देहावरच त्यानं भूमिका मिळवल्या. मग ऊफा या जर्मन चित्रपट कंपनीत दिग्दर्शन. १ एप्रिल १९३३ला, नाझींनी पुकारलेल्या ज्यूंवरच्या बहिष्काराच्या दिवशी, चालू शूटिंगमधून त्याला हाकललं. पीटर लॉर वगैरे नट अमेरिकेला गेले. हा पॅरिस, व्हिएन्ना करत हॉलंडमध्ये राहिला. १९४०मध्ये जर्मन फौजा तिथंही पोचल्या.

फेब्रुवारी १९४४मध्ये तो टेरेझिनश्टाटच्या, ज्यूंना डांबायच्या नाझी छावणीत आला. तिथं कैद्यांसाठी कॅबरे बसवला. मग छावणी चालवणाऱ्या एसएसचा, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाचा, हुकूम आला: इथं ज्यू किती मजेत राहतात, याची फिल्म काढ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती चित्रित झाली.

आता तुझा नकार. बायको ओल्गा त्याच छावणीत. पूर्वेकडं, मृत्युछावण्यांकडं जाणाऱ्या गाड्यांच्या याद्यांवर हुकमत एसएसची. हा नाही म्हणाला असता, तर त्यांनी दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं. मला छळतं ते वेगळंच. इतक्या वर्षांनी पुन्हा कॅमेरा हाताशी आल्यावर त्याच्यातला दिग्दर्शक घटकाभर सुखावलाही असेल, असा मला संशय आहे. आणि त्याबद्दल त्याला बोल लावायला जीभ रेटत नाही. एकांकिकेच्या तालमीत आपण घरदार विसरायचो, आठवतंय ना?

२८ ऑक्टोबर १९४४ला तिथून आउश्वित्झला शेवटची गाडी निघाली. त्यात दोघंही होते. पोचल्यावर त्यांना गॅस चेंबरमध्ये मारलं. फिल्म १९४५मध्ये दुसऱ्यांनी जोडून पुरी केली. आता तिचे तुकडेच उरलेत.

दिवाळीत येशील तेव्हा फुटबॉलचा तुकडा दाखवतो. चौकात सामना चाललाय, चहूबाजूच्या सज्जांत माणसं दाटीवाटीनं उभी. मी हल्ली चेंडूकडं बघतच नाही.

तुझा,
बाळ्या