प्रवासाची तारीख ठरली की लशीचीही ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशप्रवास ठरला की पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, परकीय चलन आणि विमा ही यादी प्रत्येकाला तोंडपाठ असते. लशीची आठवण मात्र बहुधा बॅगा भरायला काढल्यावर होते, आणि तीही व्हिसाच्या कागदांत तशी अट असेल तरच. या उशिरापायी किती धावपळ होते आणि किती गोष्टी हातातून निसटतात, हे अलीकडेच आमच्या कुटुंबाने अनुभवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या भाच्याला नोकरीच्या कामासाठी घाना या देशात जायचे होते. तेथे उतरणाऱ्या, नऊ महिन्यांहून मोठ्या प्रत्येक प्रवाशाकडे पीतज्वराच्या, म्हणजेच यलो फीवरच्या लशीचे प्रमाणपत्र असावे लागते. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटने त्याला ‘निघण्याआधी केव्हाही घेतली तरी चालेल’ असे सांगितले होते. त्यामुळे उड्डाणाला सात दिवस उरले असताना तो अधिकृत लसीकरण केंद्रावर गेला आणि मी त्याच्यासोबत होते. डॉक्टरांनी तिकीट पाहिले, टेबलावरचे कॅलेंडर पुढे ओढले आणि पेनाचे टोक एकेका तारखेवर ठेवत दहापर्यंत मोजले. पीतज्वराची लस पहिल्यांदा घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, कारण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. पेन ज्या तारखेवर थांबले, ती उड्डाणाच्या तीन दिवस पुढची होती.

त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला. लशीचे प्रमाणपत्र ज्या पिवळ्या पुस्तिकेत देतात, तिच्यावर मागची तारीख घालून देण्याची ‘सोय’ होऊ शकते, तिकीट बदलण्याच्या फंदात पडू नका, असे त्याचे म्हणणे होते. भाच्याने ते साफ नाकारून तिकीट पुढे ढकलले, आणि त्याने योग्य तेच केले असे मला मनापासून वाटते. पीतज्वरावर विषाणूलाच मारणारे खात्रीचे औषध नाही. रोग तीव्र अवस्थेला गेलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. खोट्या तारखेने विमानतळावरचा अधिकारी फसेल, पण रक्तात प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला डास चावला तर ती तारीख त्याच्या काय कामाची?

शिवाय हा प्रश्न एकट्या प्रवाशापुरता राहत नाही. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ सुरू असताना तेथे कामाला गेलेले ११ जण हा आजार घेऊन चीनमध्ये परतले. या रोगाचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास आशियात मुबलक आहे, पण पीतज्वर मात्र या खंडात कधी रुजला नाही, म्हणूनच त्या घटनेने जगभरच्या आरोग्ययंत्रणा धास्तावल्या होत्या. सुदैवाने पुढे संसर्ग पसरला नाही. पीतज्वराचे प्रमाणपत्र मागण्यामागे प्रवाशाच्या जिवाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, स्वतःच्या देशात रोग येऊ न देण्याची चिंता असते, हे यावरून लक्षात यावे. म्हणूनच पीतज्वराचा धोका असलेल्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक वेळ केवळ विमान बदलण्यासाठी थांबलेल्या प्रवाशाकडेही काही देश हे प्रमाणपत्र मागतात आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तिकीट काढताना उतरण्याच्या ठिकाणाइतकाच मधल्या थांब्यांचाही विचार करावा लागतो, तो यामुळे.

त्या पिवळ्या पुस्तिकेबद्दलही थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्याकडे लोक एखाद्या पावतीसारखे पाहतात. तिच्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी जुळले पाहिजे. तारखेतला महिना अक्षरांत लिहावा, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही. लशीचे उत्पादक व बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरांची स्वतःच्या हाताची सही या सर्व गोष्टी तेथे असाव्या लागतात. नुसता सहीचा रबरी शिक्का चालत नाही. प्रवाशाची सही राहून गेली किंवा कुठे खाडाखोड झाली, तरी प्रमाणपत्र अग्राह्य ठरू शकते. आम्हाला पुस्तिका मिळाली तेव्हा भाच्याच्या आडनावातले एक अक्षर चुकलेले होते. ते केंद्रातच लक्षात आले म्हणून लगेच दुसरी पुस्तिका करून मिळाली. केंद्राबाहेर पडण्यापूर्वी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे. पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षांनी नवे करावे लागत असे. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, आणि त्याआधी मिळालेल्या जुन्या प्रमाणपत्रांनाही हा नियम लागू आहे. त्यामुळे जुनी पुस्तिका जपून ठेवावी.

मात्र मला जे प्रामुख्याने सांगायचे आहे, ते याच्या पुढचे आहे. लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसायला सांगतात. त्या अर्ध्या तासात डॉक्टरांनी भाच्याला विचारले की धनुर्वाताची मात्रा शेवटची कधी घेतली होती, टायफॉइडची घेतली आहे का, हिपॅटायटिस ए आणि बी या काविळींच्या लशींचे काय, गोवराच्या दोन मात्रा लहानपणी पूर्ण झाल्या होत्या का, राहण्याची जागा शहरात आहे की दूर खेड्यात. त्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे ठाम उत्तर देता येईना. आम्ही फोन केल्यावर माझ्या बहिणीने घरी कपाट उपसले, पण लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड काही सापडले नाही. व्हिसाच्या अर्जाने त्याला एकच लस विचारली होती, म्हणून त्यानेही एकाच लशीचा विचार केला होता. सीमेवर जे मागितले जाते आणि आपल्या शरीराला जे लागते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ किंवा टायफॉइड यांबद्दल कोणताही इमिग्रेशन अधिकारी विचारत नाही, आणि आजारी पडणारे प्रवासी बहुधा अशाच दुखण्यांनी पडतात.

या लशींना वेळ लागतो आणि तो वेळ कितीही पैसे मोजले तरी कमी होत नाही. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा नेहमीच्या वेळापत्रकाने शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस एची एक मात्रा निघण्यापूर्वी घेतली तरी चांगले संरक्षण मिळते, पण ते दीर्घकाळ टिकावे यासाठी सहा महिन्यांनंतर दुसरी लागते. टायफॉइडची इंजेक्शनची लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी. जपानी मेंदुज्वराच्या दोन मात्रांमध्ये साधारणपणे २८ दिवसांचे अंतर असते. गोवर किंवा पीतज्वरासारख्या, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या दोन लशी एकाच दिवशी घेतल्या नाहीत, तर त्यांच्यात किमान चार आठवडे जावे लागतात. ही गणिते आठवडाभरात बसत नाहीत. निघण्याच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा असे जे सांगितले जाते, ते यासाठीच. तरीही उशीर झालाच, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून जाणे टाळू नये, कारण काही लशींची एकच मात्राही बरेच काही साधते.

रेबीजबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. या रोगाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लहान मुले कुत्र्यामांजरांच्या जवळ जातात आणि ओरखडा उमटला तरी रागावतील म्हणून घरी सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार चावण्याआधीच्या संरक्षणासाठी पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सात दिवसांनी अशा दोनच मात्रा पुरतात. ज्याने त्या घेतल्या आहेत, त्यालाही प्राणी चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून आणखी दोन मात्रा घ्याव्याच लागतात, मात्र जखमेत टोचायच्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या औषधाची, गरज राहत नाही. हे औषध अनेक देशांत, विशेषतः शहरांपासून दूर, वेळेवर मिळतच नाही. डोंगरदऱ्यांत भटकायला, खेड्यांत कामाला किंवा मुलांना घेऊन दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्यांनी या दोन सुया आधी घेण्याचा विचार जरूर करावा.

श्रीमंत देशात जायचे असेल तर लस कशाला, असाही एक समज आढळतो. गोवराला तो समज लागू पडत नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांना संसर्ग होऊ शकतो. विमानतळावरच्या रांगा आणि बंद दालने त्याला पोषकच असतात. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी न्यायचे असल्यास गोवराची एक जादा मात्रा लवकर देण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात. ती नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही, हे आईवडिलांनी ध्यानात ठेवावे.

हज आणि उमराहच्या यात्रेकरूंसाठी सौदी अरेबियाने मेनिंगोकोकल मेंदुज्वराची लस सक्तीची केली आहे आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. २००० सालच्या हजनंतर परतलेल्या यात्रेकरूंमुळे या रोगाचा डब्ल्यू-१३५ हा प्रकार अनेक देशांत पसरला होता, त्या अनुभवातूनच चार प्रकारांवर चालणाऱ्या लशीचा आग्रह पुढे आला. हिवतापाच्या बाबतीत मात्र सामान्य प्रवाशाला लशीवर विसंबता येत नाही. त्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांतल्या काही निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात.

सरसकट सगळ्या लशी टोचून घ्याव्यात असे मात्र मी सुचवत नाही. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती दुबळी करणारी औषधे घेणारे आणि साठी ओलांडल्यावर ही लस प्रथमच घेणारे यांच्या बाबतीत डॉक्टरांना फार जपून निर्णय घ्यावा लागतो. लस देणे योग्य नसेल तर ते कारणांसह तसे लेखी पत्र देतात. पण ते मान्य करायचे की नाही हे त्या त्या देशावर असते, म्हणून वकिलातीकडे आधीच चौकशी करावी. कोणाला कोणती लस हवी हे त्याचे वय, आजार, चालू औषधे, मुक्कामाची जागा, ऋतू आणि कामाचे स्वरूप यांवरून ठरते, आणि हे सारे शांतपणे विचारायला डॉक्टरांनाही वेळ मिळाला पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राची प्रवासविषयक पुरवणी आमच्या घरी आवर्जून वाचली जाते. तिच्यात एखाद्या देशाची माहिती देताना पाहण्याची ठिकाणे आणि हवामान यांच्याबरोबर तेथे जाण्यासाठी सक्तीच्या लशी कोणत्या, सक्तीच्या नसल्या तरी घ्याव्यात अशा कोणत्या आणि त्यांची सुरुवात किती आठवडे आधी करावी, अशी छोटी चौकट तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून छापता येईल का? प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या संस्थांनाही माझी विनंती आहे की तिकिटाची आगाऊ रक्कम स्वीकारतात त्याच दिवशी त्यांनी ग्राहकाला लसीकरणाबद्दल लेखी सूचना द्यावी. भाचा आता घानाहून सुखरूप परतला आहे. हिपॅटायटिस एच्या दुसऱ्या मात्रेची तारीख त्याने यावेळी स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक