वाढत्या अंगाची काठी

कॉर्क, आयर्लंड
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला उशीर झाला, याचा राग धरू नकोस. हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या जुलैतल्या अंतिम सामन्याची मी पाठवलेली चित्रफीत तू शाळेतल्या मुलांना दाखवलीस आणि मग मला विचारलेस की, ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या या खेळाडूंना मानधन म्हणून एक छदामही मिळत नसेल, तर ते खेळतात कशासाठी आणि त्यांना घडवतो तरी कोण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पुरते सापडलेले नाही. दुसऱ्याचे मात्र गेली चार वर्षे दर शनिवारी सकाळी, बहुतेक वेळा पावसात भिजत, मी डोळ्यांनी पाहत आलो आहे, आणि आता तर त्या कामात माझाही खारीचा वाटा आहे.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. थोरला सहा वर्षांचा असताना त्याच्या शाळेत गावच्या क्लबचा एक प्रशिक्षक सहा आठवडे, दर मंगळवारी, मोठी पिशवी घेऊन येत असे. पिशवीत लहान मुलांच्या प्लास्टिकच्या हलक्या काठ्या, मऊ चेंडू आणि हेल्मेटे असत. सहा आठवडे संपल्यावर शनिवारच्या सरावाचे निमंत्रण छापलेला एक कागद मुलांबरोबर घरोघरी आला. आमच्या घरी आलेला कागद मी न वाचता रद्दीत टाकला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार झाला असता. परंतु या वेळी पोराचा वर्गशिक्षक शाळा सुटताना फाटकाशी उभा राहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, की मुलाच्या हाताला चेंडू चांगला लागतो, शनिवारी दहा वाजता मैदानावर घेऊन या, मीही तिथे असतो. तो स्वतः क्लबचा खेळाडू होता आणि त्याच क्लबमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवत होता. कागदाने जे दोन वर्षांत झाले नाही ते फाटकातल्या दोन मिनिटांच्या बोलण्याने झाले, आणि मला वाटते की या सगळ्या व्यवस्थेचे मर्म तिथेच आहे: शाळा आणि क्लब यांना जोडणारा दुवा म्हणजे एखादी योजना नसून दोन्हीकडे पाय असलेला एक माणूस असतो.

पहिल्या शनिवारसाठी मी मोठ्या उत्साहाने दुकानात जाऊन ॲशच्या लाकडाची काठी आणली. हिला इकडे कॉर्कमध्ये हर्ली म्हणतात. किलकेनीकडचे लोक हर्ल म्हणतात आणि या एका अक्षरावरून एकमेकांची चेष्टा करतात. आपल्या घरातली रीत तुला ठाऊकच आहे. शर्ट असो, चप्पल असो, सगळे वाढत्या अंगाचे घ्यायचे. मीही काठी वाढत्या अंगाची घेतली. मैदानावरच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने ती पाहिली, काही न बोलता पोराला सरळ उभे केले, त्याचा हात खाली सोडायला लावला आणि काठी पायाशी उभी धरली. वरचे टोक मनगटापाशी यायला हवे होते, ते जवळजवळ कोपराला भिडत होते. लांब काठीने मूल दोन हातांनी कुऱ्हाड चालवावी तसे चालवू लागते, एका हाताने ती त्याला पेलत नाही, आणि या खेळात तर निम्मी कामे एका हाताने करायची असतात. म्हाताऱ्याने आपल्या पिशवीतून एक आखूड, वापरून गुळगुळीत झालेली काठी काढून दिली. माझी काठी अजून माळ्यावर आहे.

दुसरी अडचण क्रिकेटने करून ठेवली होती. अंगणात प्लास्टिकच्या बॅटने खेळून पोराचा डावा हात वर आणि उजवा खाली असा बसला होता. हर्लिंगमध्ये उजव्या हाताच्या मुलाचा उजवा हात काठीच्या वरच्या टोकाशी लागतो, कारण डावा हात चेंडू झेलायला मोकळा झाला की उरलेल्या हाताला एकट्याने काठी सांभाळायची असते. ही पकड सात वर्षांपर्यंत बदलते, बाराव्या वर्षी बदलायला गेले तर सगळा खेळच विस्कटतो, असे येथील जाणती माणसे सांगतात. आमच्याकडे महिनाभर जेवणाच्या ताटापासून अंथरुणापर्यंत ‘हात बदल’ एवढेच वाक्य चालू होते.

आता शिकवण्याचा क्रम ऐक, कारण तू खो-खोचा मास्तर आहेस आणि तुला त्यातच गोडी वाटेल. पहिले वर्षभर मुले चेंडू जमिनीवरच मारतात. त्यानंतर चेंडू काठीने उचलायचा, कारण जमिनीवरचा चेंडू हाताने थेट उचलायला बंदी आहे. काठीचे रुंद टोक चेंडूवरून मागे ओढून तो वर घ्यायचा ही एक रीत, आणि टोक चेंडूखाली झटकन सरकवायचे ही दुसरी. मग हातातला चेंडू हवेत सोडून मारणे, धावता धावता तो काठीवर तोलणे, समोरच्याचा फटका आपल्या काठीने अडवणे आणि मागून येऊन त्याची काठी हवेतच अडकवणे, याला इथे हुक म्हणतात. हातात चेंडू घेऊन चारपेक्षा जास्त पावले टाकता येत नाहीत. यातले काहीही मोठ्यांचा सामना बघून शिकता येत नाही. हजारो वेळा भिंतीवर चेंडू मारावा लागतो, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडत असल्यामुळे हिवाळाभर शाळेची किंवा क्लबची भिंत हीच मुलांची खरी गुरू असते.

तुला सगळ्यात जास्त खटकेल अशी गोष्ट आता सांगतो. मलाही ती बरेच दिवस खटकत होती. बारा वर्षांखालील मुलांसाठी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या देशव्यापी संघटनेने, ‘गो गेम्स’ नावाची पद्धत ठेवली आहे. तिच्यात गुणतक्ता नाही, अंतिम सामना नाही, चषक नाही. अगदी लहानांचे संघ सात-सात जणांचे, मग वयाबरोबर नऊ आणि अकरा. मोठ्यांप्रमाणे पंधरा जण एकदम मैदानात सोडत नाहीत. जो मुलगा आला त्याला खेळायला मिळालेच पाहिजे. मी शिकवायला लागलो त्या पहिल्याच हंगामात एका सामन्यात सगळ्यात चपळ पोराला सलग मध्यभागी ठेवले आणि दोन अडखळणाऱ्या मुलांना कोपऱ्यात उभे केले. आम्ही भरपूर गोल केले. सामना संपल्यावर म्हाताऱ्याने मला विचारले, ‘तुझ्या त्या दोघांनी आज चेंडूला किती वेळा काठी लावली?’ मी मोजले नव्हते. गोल मात्र मोजले होते.

तरीही एक कबुली देतो: गुणतक्ता नसला म्हणून मुले गुण मोजत नाहीत असे मुळीच नाही. आठ वर्षांच्या प्रत्येक पोराला गुण तोंडपाठ असतात आणि गाडीत बसल्याबरोबर वाद सुरू होतो. त्यात काही वाईट नाही. चषक नसण्याने जे साधते ते मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांसाठी अधिक असते. हरण्याची भीती नसली की प्रशिक्षकाला दुबळ्या पोराला मैदानात ठेवण्याचे धैर्य होते. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना उरलेली मुले वर्षभर रेषेबाहेर बसून राहतात याची हळहळ तू मागच्या पत्रात लिहिली होतीस, म्हणून हे जरा सविस्तर लिहिले.

शाळांच्या स्पर्धा मात्र असतात आणि त्या चांगल्याच चुरशीच्या असतात. देशभर प्राथमिक शाळांच्या सामन्यांची व्यवस्था शिक्षकांचीच संघटना पाहते. कॉर्कमध्ये तिचे नाव ‘स्किया ना स्कोल’, म्हणजे शाळांची ढाल. शाळा सुटल्यावर मैदान आखणे, बस ठरवणे, पंच म्हणून शिटी वाजवणे, हे सारे शिक्षक कोणत्याही भत्त्याशिवाय करतात. शारीरिक शिक्षणाला आठवड्यातून जेमतेम एक तास मिळतो, तेव्हा सरकारी वेळापत्रकातून हर्लिंगपटू निघतो असे कोणी समजू नये. तो शिक्षकाच्या घरी जाण्याच्या वेळेतून निघतो.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण म्हणजे किलकेनीचे ब्रायन कोडी. १९९९ ते २०२२ असे २४ हंगाम त्यांनी किलकेनीच्या संघाचे व्यवस्थापन केले आणि अकरा वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवून दिले, आणि त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय होता किलकेनी शहरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवण्याचा. पुढे ते तिथले मुख्याध्यापकही झाले. देशातला सर्वांत यशस्वी प्रशिक्षक सोमवारी सकाळी पोरांची हजेरी घेत असे, आणि याचे इथे कोणालाच नवल वाटत नसे.

याची दुसरी बाजूही आहे. जिथे असा शिक्षक नाही तिथे खेळच नाही. हर्लिंग मुख्यतः दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या काही काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, रुजलेले आहे. लिट्रिम, कॅव्हन यांसारख्या ठिकाणी गेलिक फुटबॉलचे मैदान भरलेले असते आणि हर्लिंगचे क्लब बोटांवर मोजण्याइतके. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली, २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तरी नकाशा फारसा बदललेला नाही. यादीत नाव लागल्याने सात वर्षांच्या मुलाच्या हातात काठी येत नाही.

नकाशा बदलत नसला तरी क्रम बदलतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ लिमरिक काउंटीकडे पाहून कळतो. १९७३ नंतर ४५ वर्षे त्यांना अजिंक्यपद मिळाले नव्हते. मग त्यांनी किशोरवयीन मुलांच्या गटांवर चिकाटीने काम केले, २०१५ आणि २०१७ साली २१ वर्षांखालील मुलांनी अजिंक्यपद आणले, २०१८ साली मोठ्यांनी, आणि त्यानंतर २०२० ते २०२३ सलग चार वेळा. टाळ्या वाजल्या त्या मोठ्यांसाठी. पेरणी मात्र दहा वर्षे आधीची होती.

बारा वर्षांनंतरचा काळ मला अधिक अवघड वाटतो. ‘फेले ना नगेल’ नावाचा कुमारांचा मेळा १९७१ पासून भरतो आणि पूर्वी पाहुणी मुले यजमान गावातल्या घरांत मुक्कामाला राहत असत. अशा घरी एका रात्रीसाठी राहिलेली पोरे पुढे आयुष्यभराचे मित्र झाल्याच्या गोष्टी आमच्या क्लबमध्ये अनेकांकडे आहेत. पण माध्यमिक शाळेत गेल्यावर गळतीही सुरू होते. आमच्याच गटातली दोन मुले यंदा आली नाहीत, आणि का आली नाहीत हे विचारायला त्यांच्या घरी जावे की न जावे यावर आम्हा प्रशिक्षकांत दोन तट पडले आहेत. मी जावे या बाजूचा आहे.

तुला वाटेल की कोणीही उठतो आणि मुलांना शिकवायला लागतो. तसे नाही. मला आधी गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी करून घ्यावी लागली, बालसुरक्षेचा वर्ग करावा लागला आणि प्रशिक्षणाचा प्राथमिक अभ्यासक्रमही. धाकटी आता कमोगी खेळते, म्हणजे मुलींचे हर्लिंग. तिची संघटना वेगळी, १९०४ सालची, पण मैदान आणि चिखल एकच.

काठ्यांची मात्र चिंता आहे. चांगली काठी ॲशच्या बुंध्याच्या तळाशी, जिथे लाकडाची शीर मुळांकडे वळते, त्या भागातून कापतात, म्हणून टोकाचा बाक नैसर्गिक असतो आणि फटक्याने तो सहज तुटत नाही. २०१२ साली या देशात ॲश मरण्याचा बुरशीजन्य रोग सापडला आणि तेव्हापासून झाडे वाळत चालली आहेत. आता बांबूच्या आणि कृत्रिम पदार्थाच्या काठ्याही मैदानावर दिसतात. म्हातारा त्यांना हात लावत नाही. पोरांना काही फरक पडत नाही.

तू पाहिलेल्या त्या अंतिम सामन्याबद्दल एकच लिहितो. मध्यंतराला कॉर्क टिपरेरीच्या सहा गुणांनी पुढे होते. चित्रफितीत कदाचित कापले असेल, पण मध्यंतरात त्याच मैदानावर प्राथमिक शाळांतली मुले-मुली आपापल्या काउंटीच्या रंगांत छोटासा सामना खेळतात. आमच्या क्लबच्या दिवाणखान्यात जमलेली पोरे खेळाडूंपेक्षा त्या मुलांकडे जास्त टक लावून पाहत होती. नंतर उत्तरार्धात कॉर्कला फक्त दोन गुण करता आले, टिपरेरी ३-२७ विरुद्ध १-१८ असे जिंकले (पहिला आकडा गोलांचा, दुसरा गुणांचा, आणि एक गोल म्हणजे तीन गुण) आणि कॉर्कची २००५ नंतरची अजिंक्यपदाची प्रतीक्षा आणखी लांबली. थोरला रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भिंतीवर चेंडू आपटण्याचा आवाज आला.

आता एक काम सांगतो. उन्हाळ्यात मी सरावाआधी मुलांना तुझा खो-खो शिकवला. गुडघ्यावर बसून विरुद्ध दिशांना तोंडे, पाठीत खो मिळाला की उठून सुसाट. चपळाईसाठी इतका उत्तम व्यायाम तू कुठून आणलास, असे म्हाताऱ्याने विचारले. मी सांगली सांगितले, त्याला ते सिंगापूर ऐकू आले. आता ही आयरिश पोरे पावसात ‘खो’ असे ओरडत धावतात. पण खांबाजवळ वळताना ती भेलकांडतात आणि मला नीट शिकवता येत नाही. तू लहान मुलांना खांबाशी वळायला कोणत्या क्रमाने शिकवतोस, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. आकृती काढलीस तर फारच उत्तम. पुढच्या शनिवारपर्यंत नाही, पण नाताळाच्या सुटीआधी मिळाले तरी चालेल.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र