काकू, त्या शून्यासाठी थँक्यू

काकू, तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी लिहूनच टाकते.

लेकीचे पाढे पाठ आहेत, गुणाकार तर ती माझ्यापेक्षा फास्ट करते. पण 4235 ला 7 ने भाग म्हटलं की उत्तर 65, दर वेळी. शाळेत म्हणाले पाढे पक्के करा, क्लासमध्ये म्हणाले प्रॅक्टिस कमी पडतेय, आणि फी घेऊन दिलं काय तर तसलेच अजून भागाकार. "भाग जात नाही ना, मग शून्य लाव आणि पुढचा आकडा खाली घे" हे घोकून घेतलं, पण शून्य का लावायचं विचारलं की "पद्धत आहे तशी". अहो पद्धत आहे ते आम्हालाही दिसतंय की!

तुम्ही आधी पेन्सिलला हातच लावला नाहीत. 35 वर अंगठा ठेवलात आणि विचारलंत, "हे बेचाळीस कसले?" ती म्हणाली बेचाळीस. "हो, पण कसले?" आणि गप्प बसलात. मी मध्ये तोंड घालणार तर मलाही हातानेच थांबवलंत. बऱ्याच वेळाने आलं तिचं, "शतक?" मग 42 शतक सात जणांत, प्रत्येकी 6. अंगठा जरासा सरकला, 3 दिसले, तीन दशक, सात जणांना एकेक तरी पुरेल का? नाही. मग प्रत्येकाला दशक किती मिळाले? "एकपण नाही... म्हणून शून्य!" ते 3 दशक मोडून 30 सुटे, त्यात 5, झाले 35, प्रत्येकी 5. 605. आणि कोणी न सांगता तिनेच 65 ला 7 ने गुणून बघितलं, 455 आले, तर म्हणे एवढे सगळे गायब होते आणि मला कोणी बोललं कसं नाही!

बाकी सगळं कोणीही शिकवलं असतं काकू, पण ते गप्प बसणं नसतं जमलं. मला तर नाहीच. उत्तर माहीत असताना तोंड मिटून समोरच्या पोराला त्याचा वेळ देणं हा साधा चांगुलपणा आहे, त्याला ना डिग्री लागते ना फी, पण तो किती कमी लोकांकडे असतो हे गेल्या वर्षभरात कळलं.

आता घरात भागाकाराचं वेड आहे. बाकी 7 पेक्षा मोठी आली तर अजून एक वाटा निघतो हे ती मला ऐकवते. 365 ला 7 ने भागून बाकी 1, म्हणून वाढदिवस पुढच्या वर्षी एक वार सरकतो, आणि मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोन, हे तिने कॅलेंडर काढून दाखवलं. काल 4238 घेतले, बाकी 3, तर म्हणे ते 3 पण वाटायचेत, आणि शून्य जोडत भागत बसली. बाकी येत गेली तीन, दोन, सहा, चार, पाच, एक आणि परत तीन. हे संपतच नाहीये, असं का, म्हणून माझ्या मागे लागलीय. मी सरळ सांगितलं, काकूंना विचार. रविवारी पाठवू का तिला?