मोटर लावा, पण आधी जाळं बघा

संपादक महोदय,

थंडी सरली की उमरेड, कुही, पारशिवनीच्या रस्त्यांवर रविवारी पहाटे गाड्यांच्या टपावर लाल-पिवळ्या कायक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होड्या, दिसू लागतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच कायकना मागे बॅटरीवरची छोटी मोटर लटकलेली असते. मीही त्यातलाच. सक्करदऱ्याला स्टार्टर-डायनॅमो दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गळ टाकायचा नाद शाळेपासूनचा. पन्नाशीनंतर वल्ही मारून खांदे बोलायला लागले, म्हणून मोटर लावली. त्यात जी फजिती झाली ती छापाल तर बरं, कारण दुकानात रोज कोणीतरी येऊन विचारतो, ‘भाऊ, मोठ्यातली मोठी कोणती बसंल?’

मोठी बसवूच नका. दहा फुटी कायक ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या पुढं जात नाही. ती आपणच उठवलेल्या लाटेत अडकते आणि पुढची सगळी ताकद पाणी घुसळण्यात जाते. बारा व्होल्टची, तीस पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) मोटर एका माणसाला पुरते. पूर्ण जोरात ती तीसेक अँपिअर ओढते. वेग निम्मा केला तर ताकद साधारण आठवा हिस्साच लागते, म्हणून हळू जाणाऱ्याची बॅटरी दुपारपर्यंत टिकते आणि भन्नाट जाणाऱ्याला अकरा वाजता वल्हं हातात घ्यावं लागतं.

बॅटरीचंही तसंच. कारची बॅटरी क्षणभर जोर देऊन सेल्फ मारायला असते. रोज निम्मी रिकामी केली की ती लवकर मरते. मी ई-रिक्षाची टाकली, अठ्ठावीस किलोची. माझं वजन ब्याऐंशी, मोटर आठ, म्हणजे एकशे अठरा. कायकवर मर्यादा एकशे चाळीस छापलेली, म्हणून निश्चिंत होतो. पण बॅटरी आणि मोटर दोन्ही मागे ठेवल्यावर नाक हवेत आणि बूड पाण्यात. वाऱ्यानं नाक भलतीकडंच वळायचं. बॅटरी पायांच्या पुढं सरकवली तेव्हा कुठं कायक सरळ चालली. लिथियमची घेतली असती तर बारा किलोत भागलं असतं, पण किंमत ऐकून मी गप्प बसलो.

आता खरी गोष्ट. गेल्या फेब्रुवारीत उमरेडकडच्या एका तलावावर होतो. संध्याकाळचे सहा, पाण्यावर सगळं राखाडी. पाण्यात दोन रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या; मला वाटलं, कचरा. ती जाळ्याची खूण होती. पंख्यात जाळं गेलं, पंखा जागीच थांबला, आणि मी घाबरून रेग्युलेटर आणखी वाढवला. अडकलेली मोटर फिरत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते, हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय. अन् माझ्या कायकवर घरी उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि फ्यूजच्या जागी सरळ तार! ‘तात्पुरती’ म्हणून लावलेली, दोन महिने झाले होते. वायरचं वरचं आवरण मऊ होऊन मांडीला चिकटलं, तेव्हा धूर दिसला. पाना बॅगेत, बॅग पुढच्या कप्प्यात. टर्मिनल हातानंच हिसकून काढलं. भाजल्याचा डाग अजून आहे.

काठावरून एक वयस्क ढीवर काका ट्यूबवर बसून आले. मी चाकू काढला तर म्हणाले, ‘कापू नोका भाऊ, नट खोला.’ नट खोलला, पंखा काढला, पिन मोडलेली होती. जाळं त्यांनी एकेक फास सोडवत काढलं, पाऊण तास. तरी हातभर फाटलंच. पैसे दिले, त्यांनी मोजून घेतले. का घेऊ नयेत? तलावातली मासेमारी त्यांच्या संस्थेनं ठेक्यानं घेतलेली, आपण हौसे.

आता माझ्या कायकवर दहा चौरस मिलिमीटरची वायर आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ब्रेकर, आणि बॅटरी झाकणाच्या डब्यात पट्ट्यानं बांधलेली. बाटल्या दिसल्या की मोटर वर उचलतो आणि वल्ही मारतो. घरी आल्यावर पंखा काढून मागे गळाची दोरी गुंडाळली नाही ना ते बघतो. ती आतलं सील कापते आणि मोटरीत पाणी शिरतं. लाइफ जॅकेट अंगात, डिकीत नाही.

एक मागणी मात्र आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रावर चालणारी होडी आणि वल्ह्याची होडी वेगळ्या धरल्या आहेत. म्हणजे मोटर लटकवली की आपला वर्ग बदलतो. पण तलावाच्या काठावर हे सांगणारं कोणी नसतं. चौकीदार म्हणतो पाटबंधारेला विचारा, ते म्हणतात मत्स्य विभागाला. प्रत्येक तलावाच्या काठावर एक पाटी लावा: मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडं आहे, फोन कोणाला करायचा, मोटर चालते की नाही आणि जाळी कोणत्या बाजूला असतात. पत्रा आणि रंग एवढाच खर्च. माझ्या ओळखीचा पेंटर उमरेड रोडलाच आहे, मजुरी मी देतो.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सक्करदरा, नागपूर