तो भाग सोडू नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, मंडळीच्या तरुण संघात बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक घ्यायचं आहे, पण शिक्षेचे अध्याय वगळून ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ एवढ्या वचनावरच बोलेन, बाकीचं ऐकून मुलं घाबरतात. मी तेव्हा बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. गवंड्याच्या हातचं पत्र आहे, अक्षर सांभाळून घे.

ते वचन पाचव्या अध्यायातलं चोविसावं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली वॉशिंग्टनच्या भाषणात ते घेतलं होतं. पण त्याच्या वरची तीन वचनं वाच. देव म्हणतो, तुमचे सण मला नकोत, तुमच्या बलींकडे मी बघणार नाही, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या. ज्यांना हे ऐकवलं ते देवाला विसरलेले नव्हते गं. बेथेल आणि गिलगाल या उत्तरेकडच्या उपासनास्थानी गर्दी करणारे, नेमाने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारे लोक होते ते. आपल्यासारखे.

आमोस तिथला नव्हेच. तो दक्षिणेकडच्या यहूदातला, तकोवा गावचा. मेंढरं राखायची आणि उंबराच्या झाडांची निगा करायची, हा त्याचा धंदा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या मध्याला तो उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात गेला. तेव्हा तिथे दुसरा यराबाम राज्य करत होता, एक्केचाळीस वर्षं केलं त्याने. सीमा वाढल्या होत्या, पैसा खेळत होता. आमोस हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना बोलतो, ते उगाच नाही. १९३०च्या दशकात त्या राज्याच्या राजधानीच्या, शोमरोनच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा कोरीव हस्तिदंताचे ढीगभर तुकडे खरंच सापडले.

आणि त्याचा राग कशावर आहे बघ. धान्य मोजायचं माप लहान, पैसे तोलायचं वजन मोठं, तराजू खोटा, गव्हात भुसकट. पायतणाच्या जोडासाठी गरीब माणूस विकला जातो. आणि मला सगळ्यात लागतं ते दुसऱ्या अध्यायातलं: गहाण घेतलेल्या कपड्यांवर हे लोक वेदीशेजारी पसरतात. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत कर, असं मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे, कारण त्याच्याजवळ पांघरायला दुसरं काही नसतं. म्हणजे ज्याचं ते वस्त्र, तो त्या रात्री थंडीत कुडकुडत होता आणि त्याच्याच वस्त्रावर बसून उपासना चालली होती.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. १९६०मध्ये यहूदाच्या समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात शाई‍ने लिहिलेलं खापर सापडलं. आमोसानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी कापणीच्या एका मजुराने अधिकाऱ्याकडे केलेला तो अर्ज आहे. मी माझं काम पुरं केलं होतं, तरी एका माणसाने माझं वस्त्र नेलं, माझ्यासोबत उन्हात कापणी करणारे साक्ष देतील, माझं वस्त्र मला परत मिळवून द्या. बाळ, मजुरी बुडालेल्या माणसाचं बोलणं मी ओळखतो. ते असंच असतं, पुन्हा पुन्हा तेच सांगणारं.

तुला कधी सांगितलं नाही. तू दुसरीत असताना मी एका ठेकेदाराकडे होतो. मंडळीत त्याला मान होता, देवळाच्या नव्या छपरासाठी त्याने मोठी देणगी दिली होती. त्याच वर्षी त्याने बिगाऱ्यांची तीन आठवड्यांची मजुरी बुडवली. माझी दिली, मी कारागीर होतो आणि त्याला माझी गरज होती. कापणीच्या सणाला तो पहिल्या बाकावर बसला, मी तिसऱ्या. आम्ही दोघांनी गाणी म्हटली. त्या बिगाऱ्यांपैकी एकाची बायको बाळंतीण होती, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. म्हणून त्या एकविसाव्या वचनापाशी आलो की ‘तुमचे सण’ म्हणजे माझेही, असंच मला ऐकू येतं.

तू विचारलंस, एवढा राग असेल तर प्रेम कुठे आहे? सातवा अध्याय काढ. आधी टोळांचा दृष्टान्त, मग अग्नीचा. दोन्ही वेळा आमोस मध्ये पडतो: प्रभू, याकोब (म्हणजे इस्राएल लोक) कसा टिकेल? तो लहान आहे. दोन्ही वेळा देव हात आवरतो. दुसऱ्याच्या मुलखातला हा मेंढपाळ, पण ज्यांना शिक्षा सुनावायची त्यांच्यासाठीच आधी रदबदली करतो. तिसऱ्या वेळी देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा दिसतो, आणि आमोस काहीच बोलत नाही.

मला वाटतं, ते मला कळतं. भिंत डोळ्यांना सरळ दिसते, ओळंबा सोडला की पोट कळतं. एकदा कळल्यावर वाद कसला घालणार? गिलावा जाड मारून ते झाकता येतं, मी झाकलेलं पाहिलंय. पण ज्याला त्या भिंतीखाली निजणाऱ्या पोरांची काळजी आहे, तो ती उतरवायलाच सांगतो.

लगेच बेथेलचा याजक अमस्या येतो. तुझ्या यहूदात जा, तिथे भाकर खा, इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. तुझ्या मुलांना विचार, पवित्रस्थान कोणाचं म्हणाला तो? पुढे ख्रिस्तपूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने शोमरोन घेतलं, लोक देशोधडीला लागले. आमोस बोलला तेव्हा भिंत उभी होती आणि अजून वेळ होता.

एक सुचवतो. पहिले दोन अध्याय मुलांना मोठ्याने वाचू दे, थांबू नको. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेका शेजाऱ्याचा अपराध येतो. ऐकणारे खूश झाले असणार. मग यहूदा येतो, आणि शेवटी इस्राएल, ऐकणारे स्वतः. तिथे वाचन थांबव आणि थोडा वेळ कोणालाच बोलू देऊ नकोस.

माझा पितळी ओळंबा कोपऱ्यातल्या पेटीत आहे. त्याला नवी दोरी लावून ठेवतो. शनिवारी आलीस की घेऊन जा, आणि संघाच्या खोलीतल्या भिंतीला मुलांनाच लावायला सांग. ती भिंत आम्हीच बांधलेली आहे, त्याच वर्षी.

तुझे,
पप्पा