सिस्टर, तुम्ही तिला खाली ठेवलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

एकाच जिन्यात राहतो आपण, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच गॅस चालू राहिलाय म्हणून उठून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता उठता यायचं नाही.

काल मिरीची नखं कापली. मी एकटीने, मांडीवर घेऊन. पुढच्या दोन्ही पंजांची झाली, मागच्यांना तिने हरकत घेतली, तेव्हा सोडून दिली. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. ज्यांनी जूनमध्ये आमच्या दारातून येणारा आरडाओरडा ऐकलाय, त्यांना विचारा.

मिरी आली ती भर पावसात, पार्किंगमधल्या स्कूटरखालून. डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक वाहतंय, आणि आवाज मात्र अंगाच्या चौपट. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ही बहुतेक मधल्याच कुठल्या तरी घरी राहून गेली.

दवाखान्यात नेली. तिथल्या मदतनिसाने कातडी हातमोजे चढवले, मानेची कातडी धरून तिला उचललं आणि चारी पाय हवेत लोंबकळत असताना मला म्हणाला, "असंच धरायचं. यांची आई असंच धरते." आई धरते ती पहिल्या काही आठवड्यांतल्या मूठभर जिवाला, आणि किती जोर लावायचा हे तिच्या दातांना कळतं. मिरी घाबरून टेबलावरच मुतली. तो हसला. औषध बरोबर होतं, डोळे स्वच्छ झाले, ते नाकारत नाही. पण रोज टॉवेलात गुंडाळून डोळ्यांत मलम घालायचं म्हणजे काय, हे त्या पिल्लाच्या बाजूने कुणी पाहिलं? मलम संपलं तोवर हात दिसला की फ्रिजमागे, हे तिचं ठरून गेलं होतं.

मग सुरू झाले सल्लागार. पिल्लं वाचवण्याचं काम करणाऱ्या एकाला फोन केला, तर त्याने ऐकवलं, "पिल्लू माणसाळतं ते दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. हिचे दात बघता ही नऊ-दहा आठवड्यांची आहे. वेळ गेली. जिथून उचललीत तिथे सोडा." पहिलं वाक्य खरं आहे, मी नंतर वाचलं. पण सोपा काळ संपला म्हणून पिल्लू पावसात सोडायचं, हे गणित काही मला सुटलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, तासभर घट्ट धरून ठेवा, आपोआप गप्प होते. आमच्याकडे आलेल्या दिरांनी ते करूनही दाखवलं. झाली की गप्प! कान मागे चिकटलेले, बुबुळं पसरून डोळे काळेभोर झालेले, अंग लाकूड. "बघ, कशी शांत झाली," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझं मनगट फाटलं.

त्या मनगटामुळे तुम्ही आलात. आधी मला बेसिनशी उभं केलंत आणि घड्याळाकडे बघत 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायला लावलंत. मी म्हटलं, अहो, घरातलंच पिल्लू आहे. तर म्हणालात, "ते रेबीजला कोण सांगणार?" महापालिकेच्या दवाखान्यात सोबत आलात, इंजेक्शनच्या तारखा माझ्या कॅलेंडरवर लिहिल्यात. नवजात बाळांच्या वॉर्डात उभी हयात घालवलेली बाई. निवृत्त झाली तरी ड्युटी काही सुटत नाही.

आणि मग मिरीकडे वळलात. वळलात म्हणजे काय, तर पाठ फिरवून बसलात. जमिनीवर, सोफ्याला टेकून, गुडघेदुखी असताना. त्याआधी हातातल्या बांगड्या काढून टीव्हीशेजारी ठेवल्यात. मला वाटलं, नख अडकू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, "किणकिणतात गं. तिला कशाला?" मग तळहात एकमेकांवर चोळलेत, गार हात नको म्हणून. आणि काही न करता बसून राहिलात. ती फ्रिजमागून डोकावली की तिच्याकडे बघून सावकाश डोळे मिटायचात, सावकाश उघडायचात. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण तिला लबाड ठरवतो. इथे तुम्हीच डोळे मिटून बसलेल्या. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हेच तपासून पाहिलं होतं आणि माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजर जवळ यायला जास्त तयार होते, असं त्यांना आढळलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचं उत्तर, "बरं झालं, त्यांनाही कळलं."

पुढचं सगळं मी इथे लिहीत बसत नाही. बोटावर लावलेला उकडलेल्या चिकनचा लगदा, कधी नुसता पाठीला स्पर्श, ते ज्याला करायचंय त्याला तुम्ही सांगालच. मला लिहायचंय ते एका संध्याकाळबद्दल.

तुम्ही तिला पहिल्यांदा उचललंत ती संध्याकाळ. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, असं की एकही पाय अधांतरी नाही, आणि अंग तुमच्या छातीशी. वॉर्डातली कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायची ती कांगारू पद्धत तुम्ही आम्हा सगळ्यांना कितीदा ऐकवली आहे. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या हॉस्पिटलात इनक्युबेटर पुरेनात म्हणून ती सुरू झाली, हे या जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत पाठ आहे. तशीच धरलीत. आणि मिरी खरोखर शांत होती. कान सरळ, शेपटी सैल. मी तोंडावर हात ठेवून उभी. आणि तेवढ्यात, चार-पाच श्वास झाले असतील-नसतील, तुम्ही वाकून तिला खाली ठेवलंत.

मी जवळजवळ ओरडलेच. "अहो, घ्या ना अजून थोडा वेळ! शांत आहे ती."

"शांत आहे म्हणूनच."

बस्स, एवढंच. ती धडपडायला लागल्यावर सोडलं असतं, तर धडपडलं की सुटका होते, हे ती शिकली असती. धडपडूनही धरून ठेवलं असतं तर सुटका होतच नाही, हे. तुम्ही तिला मागायच्या आधीच सोडलंत. आणि ती पळाली नाही, सिस्टर. तुमच्या पायाशी उभी राहिली, एक पंजा वर धरून, आता काय करायचं ते न सुचल्यासारखी. मग तिथेच बसून अंग चाटायला लागली. फ्रिज चार पावलांवर होता.

मला त्या वेळी आई आठवली. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात होती. कूस बदलायला यायचे ते चादर ओढून थेट वळवायचे, आपापसात गप्पा मारत. ती दर वेळी दचकायची. "आजी, आता वळवतोय हं," एवढं म्हणायला काय लागतं? बिलात ते कुठे लागतही नाही. तुम्ही दोन दिवसांच्या बाळालासुद्धा उचलायच्या आधी सांगायचात, हे तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने मला सांगितलं. बाळाला काय कळतं, असं कुणी म्हटलं की तुम्ही चिडायचात म्हणे. ज्याला उलटून काही बोलता येत नाही त्याच्याशी माणूस कसा वागतो, यावरून मी हल्ली लोक ओळखते. यादी फार लांब होत नाही.

नंतर मी बरंच वाचलं. अमेरिकेतल्या आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात पिल्लांवर प्रयोग केले होते. रोज 40 मिनिटं हाताळलेली पिल्लं रोज 15 मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा माणसाच्या हातात जास्त वेळ टिकली. तुमचे दिवसभरातले तुकडे जोडले तर बहुधा तेवढेच भरतील: दूध आणायला जाताना, पेपर परत द्यायला, उगाच. तुम्ही कधीच "मांजरासाठी आले" म्हणाला नाहीत.

आता पाहुणे येतात, "दे ना हातात, एक फोटो काढते" म्हणतात, आणि मी सरळ नाही म्हणते. भाचीला राग आला. येऊ दे. ती जमिनीवर बसली तर मिरी आपण होऊन येईल, नाही आली तर नाही आली.

एक काम राहिलंय. मिरी सहा महिन्यांची होत आली, दिवाळीनंतर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचंय. डॉक्टर बदलल्या आहेत. या बाई बास्केटचं वरचं झाकण काढतात आणि तिला आतच बसवून तपासतात, हातमोजे-बितमोजे काही नाही. तुम्हाला आवडतील. पण भूल उतरताना तिच्याजवळ ओळखीचा हात हवा, आणि माझ्यापेक्षा तुमचा बरा. उपाशीपोटी न्यायचंय म्हणून सकाळी साडेसातला निघू. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची