उभ्या नावांच्या बॅटऱ्यांसाठी सौर पॅनेल हवे

महोदय,

सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाड्यांची ये-जा नावेवर अवलंबून आहे; त्यामुळे ऐन वेळी इंजिनाचा सेल्फ न लागणे ही तेथे किरकोळ बाब नाही. हिवाळ्यात काठाला उभ्या राहिलेल्या नावेची लेड-ॲसिड बॅटरी हळूहळू आपोआप उतरते, आणि तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा असा घट्ट थर बसतो की पुढे कितीही चार्जिंग केले तरी तो पुरता निघत नाही. खान्देशात थंडीतही ऊन भरपूर असते. टपावरचे १० ते २० वॅटचे पॅनेल ही घट सहज भरून काढते. मात्र मधे चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर बॅटरी जादा चार्ज होऊन तिचे पाणी आटते. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, नदीचे मुळीच नाही. काही तास न वापरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटरने सुमारे १२.७ दाखवले तर ती पूर्ण भरलेली समजावी, आकडा १२.४ च्या खाली गेला तर लगेच चार्ज करावी. रुग्णांना नेणाऱ्या नावांना तरी प्रशासनाने ही सामग्री याच हिवाळ्यात पुरवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नंदुरबार